समुद्री बर्फ आणि ध्रुवीय समुद्रातली जैव-भू-रासायनिक चक्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान समुद्रशास्त्राचे विद्यार्थी, ध्रुवीय मोहिमेवर पहिल्यांदाच निघालेले सदस्य आणि प्रयोगशाळेत नमुने हाताळणारे लोक यांच्यासाठी आहे. आधी समज, मग हाताचं काम असा क्रम आहे. घाई असेल तर कोर (बर्फात ड्रिल घालून काढलेला लांब दंडगोल) वितळवण्याबद्दलचा प्रश्न तेवढा वाचा. सगळ्यात जास्त नमुने तिथेच वाया जातात.

जैव-भू-रासायनिक चक्र म्हणजे काय, आणि ध्रुवांवर त्यात वेगळं काय घडतं?

कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस, सिलिकॉन, लोह, गंधक ही मूलद्रव्यं सजीव, पाणी, हवा आणि तळचा गाळ यांच्यात सतत फिरत असतात. ते फिरणं म्हणजे हे चक्र. अरबी समुद्रातही तीच मूलद्रव्यं फिरतात. ध्रुवांवर फरक पडतो दोन कारणांनी: वर्षातले काही महिने उजेड जवळजवळ नसतोच, आणि हवा व पाणी यांच्यामध्ये बर्फाचा थर येतो आणि जातो.

हा थर लहान नाही. आर्क्टिकमध्ये मार्चच्या सुमारास तो साधारण दीड कोटी चौरस किलोमीटर असतो. सप्टेंबरात त्याचा एक तृतीयांश उरतो, आणि २०१२ च्या सप्टेंबरात तर ३४ लाखच उरला होता. अंटार्क्टिकाभोवती सप्टेंबरात सुमारे १ कोटी ८५ लाख आणि फेब्रुवारीत २० ते ३० लाख चौरस किलोमीटर असं चित्र असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाखांच्याही खाली गेला. म्हणजे दक्षिणेत दरवर्षी चार-पाच भारत झाकले जातील एवढा बर्फ धरतो आणि विरघळतो.

जुन्या मांडणीत हा थर समुद्रावरचं झाकण मानला जाई. तो झाकण नाही. त्याला भोकं आहेत, त्यात पाणी खेळतं, त्यात जीव राहतात, आणि त्याच्या पोटात क्षार स्फटिक होऊन बसतात. यातलं काय, कधी आणि किती, हे बहुतेक वेळा बर्फाचं तापमान ठरवतं. म्हणून पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात तापमान डोकावेल.

समुद्राचं पाणी गोठलं की मीठ कुठे जातं?

दर किलोला ३४-३५ ग्रॅम क्षार असलेलं पाणी सुमारे −१.८ अंश सेल्सिअसला गोठू लागतं. बर्फाच्या स्फटिकाच्या जाळीत मिठाला जागा नसते. त्यामुळे शुद्ध बर्फाच्या पापुद्र्यांमध्ये अतिखारट पाणी अडकतं. शास्त्रज्ञ त्याला ब्राइन म्हणतात. आपल्याकडे मिठवणी हा चांगला शब्द आहे, तोच इथे वापरू. यातलं बरंचसं मिठवणी जड असल्याने खाली समुद्रात निथळतं. उरलेलं बर्फाच्या आतल्या बारीक नळ्यांत आणि कप्प्यांत राहतं.

म्हणून एक वर्षाचा बर्फ वितळवला तर त्याची क्षारता (दर किलोला किती ग्रॅम क्षार) साधारण ४ ते ६ भरते. नुकत्याच धरलेल्या बर्फाची १० च्याही वर असते. अनेक उन्हाळे काढलेल्या आर्क्टिक बर्फाचा वरचा भाग तर जवळजवळ गोडा होतो.

मात्र ही सरासरी झाली. शैवालाला किंवा जिवाणूला जे पाणी भोगावं लागतं ते नळीतलं मिठवणी. ते −५ अंशांना सुमारे ८५ क्षारतेचं आणि −१० अंशांना सुमारे १४५ क्षारतेचं असतं. तापमान उतरलं की नळीच्या भिंती जाड होतात, पाणी कमी होतं आणि उरलेलं आणखी खारट होतं.

"पाच-पाच-पाच"चा नियम कोणता?

बर्फाची क्षारता ५ आणि तापमान −५ अंश असेल तर त्यात मिठवण्याचं आकारमान सुमारे ५ टक्के असतं. साधारण याच उंबरठ्यावर खांबासारख्या रचनेच्या बर्फातल्या नळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि बर्फ पाझरू लागतो. त्याहून थंड बर्फात नळ्या तुटक राहतात, वरचं वर आणि खालचं खाली.

हिशेब सोपा आहे. ४९.१८५ ला तापमानाच्या अंकाने (उणे चिन्ह सोडून) भागा, त्यात ०.५३२ मिळवा, बर्फाच्या क्षारतेने गुणा. उत्तर दर हजारी मिळतं. क्षारता ५ आणि −५ अंशांसाठी: ९.८३७ अधिक ०.५३२, गुणिले ५, म्हणजे ५१.८ दर हजारी, ५.२ टक्के. तोच बर्फ −१० अंशांना २.७ टक्क्यांवर येतो आणि −२ अंशांना १२.६ टक्क्यांवर जातो. सूत्र −०.५ ते −२२.९ अंशांपर्यंतच वापरा. आणि बर्फ बारीक, गोंधळलेल्या कणांचा असेल (अंटार्क्टिकाभोवती असा खूप असतो) तर ५ टक्के हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. तिथे पाझर सुरू व्हायला जास्त मिठवणी लागतं.

बर्फात कोणते क्षार स्फटिक होतात?

कोकणातल्या मिठागरात ऊन पाणी आटवतं आणि क्षार ठरावीक क्रमाने खाली बसतात: आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग मीठ. समुद्री बर्फात आटवण्याचं काम थंडी करते. क्रम तसाच ठरलेला आहे, पदार्थ थोडे वेगळे. गोठणबिंदूच्या खाली काही अंशांतच इकाइट दिसू लागतं. सुमारे −६ ते −८ अंशांना मिराबिलाइट, म्हणजे पाणी धरून बसलेलं सोडियम सल्फेट. नेहमीचं मीठ हायड्रोहॅलाइटच्या रूपात −२२.९ अंशांना.

यातलं इकाइट कार्बन चक्रासाठी महत्त्वाचं. कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रेणूमागे पाण्याचे सहा रेणू अशी त्याची घडण. ग्रीनलंडच्या इक्का फ्योर्डवरून त्याला नाव मिळालं. अंटार्क्टिक समुद्री बर्फात ते प्रत्यक्ष आहे हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. कोमट हवेत ते टिकत नाही, म्हणून इतकी वर्षं नजरेतून सुटलं.

इकाइट तयार झालं तर कार्बन डायऑक्साइडचं काय होतं?

कॅल्शियमचा एक आयन आणि बायकार्बोनेटचे दोन आयन मिळून इकाइट बनतं, आणि त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू सुटतो. म्हणजे पहिल्या नजरेला बर्फ वायू सोडतो. खरी गंमत पुढे आहे. सुटलेला कार्बन डायऑक्साइड मिठवण्याबरोबर खाली निथळून खोल पाण्यात जाऊ शकतो. घन इकाइट मात्र बर्फाच्या जाळीत अडकून वरच राहतं. उन्हाळ्यात बर्फ वितळला की ते पृष्ठभागाच्या पाण्यात विरघळतं आणि तीच अभिक्रिया उलटी चालते, त्यासाठी कार्बन डायऑक्साइड हवेतून ओढला जातो.

कार्बन खाली आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल मुरवण्याची क्षमता, वर, अशी ही फाळणी आहे. (शालेय पुस्तकांत सॅलिनिटीला क्षारता म्हणतात आणि काही भाषांतरांत अल्कलिनिटीलाही तोच शब्द दिसतो. दोन्ही एकाच तक्त्यात आले की घोटाळा होतो, म्हणून इथे अल्कलिनिटी तशीच ठेवली आहे.) इकाइट पाण्यातून अल्कलिनिटी दोन आणि असेंद्रिय कार्बन एक या प्रमाणात काढून घेतं. समुद्राच्या पाण्यात ही दोन्ही मापं जवळपास सारखी असतात. वितळलेल्या बर्फात अल्कलिनिटी आणि कार्बनचं गुणोत्तर समुद्राच्या पाण्याहून ठळकपणे जास्त आलं तर इकाइटचा संशय घ्या.

कार्बन खाली नेणारा हा पंप किती मोठा, हे सगळं दोन गोष्टींवर ठरतं: इकाइट बर्फात किती टिकलं, आणि निथळलेलं मिठवणी किती खोल गेलं. मिठवणी वरच्या ५० मीटरांतच मिसळून राहिलं तर उन्हाळ्यात दोन्ही पुन्हा भेटतात आणि निव्वळ हिशेब शून्याकडे सरकतो. या पंपाचे जागतिक आकडे वाचताना लेखकाने मिठवणी कुठे पोचवलं आहे ते आधी पाहावं.

मग बर्फातून थेट हवेत वायू जातो की नाही?

जातो, दोन्ही दिशांनी. हिवाळ्यात मिठवणी घट्ट होतं, त्यातला कार्बन डायऑक्साइडचा दाब हवेपेक्षा वर जातो. बर्फ पाझरत असेल तर वायू बाहेर पडतो. वसंतात बर्फ उबतो, मिठवणी पातळ होतं, शैवाल कार्बन वापरतं, आणि दाब हवेच्या खाली जाऊन बर्फ शोषू लागतो. हे प्रवाह लहान असतात; उघड्या पाण्याच्या जोरदार शोषणाशी त्यांची तुलना करू नका. बर्फावर उपडं ठेवलेलं मोजणीचं भांडं कडेने गळत असेल किंवा खालचा हिम (बर्फावर पडलेला भुसभुशीत थर) दाबला गेला असेल तर मोजलेला प्रवाह भांड्याचा असतो, बर्फाचा नव्हे.

बर्फात शैवाल कुठे आणि किती असतं?

नुकता काढलेला वसंतातला आर्क्टिक कोर आडवा धरून पाहा. वरचा मीटरभर पांढरा-राखाडी, काचेसारखा. शेवटची तीन-चार बोटं चहाच्या डागासारखी तपकिरी. तिथे बर्फ मऊ असतो. पापुद्रे पानासारखे सुटे आणि बोटाने दाबले तर चुरतात. तो तपकिरी रंग डायटमचा, म्हणजे काचेचं कवच बांधणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा.

या थराला खालच्या समुद्रातून पोषकद्रव्यं मिळत राहतात आणि तापमान −१.८ च्या आसपास स्थिर असतं, म्हणून वस्ती तिथे. आर्क्टिकमध्ये निट्शिया फ्रिजिडा ही नेहमीची रहिवासी. मेलोसिरा आर्क्टिका बर्फाखाली लांब झुपक्यांनी लोंबते. दक्षिणेत फ्रॅजिलारिऑप्सिस सिलिंड्रस ठायीठायी सापडतं. तळच्या थरात दर लिटर वितळपाण्यात क्लोरोफिल दहा-वीस मायक्रोग्रॅमपासून शेकड्यांत जाऊ शकतं, तर वसंताच्या सुरुवातीला त्याच बर्फाखालच्या पाण्यात ते बहुधा एकाच्याही खाली असतं.

उजेडाचा अडसर बर्फापेक्षा हिमाचा जास्त. वर जाड ताजा हिम असेल तर तळाशी एक टक्काही प्रकाश पोचत नाही. म्हणून कोर काढण्याआधी हिमाची जाडी मोजली नसेल तर क्लोरोफिलचा आकडा अर्धवट आहे.

नायट्रेट वापरलं गेलं की तयार झालं, हे कसं ओळखायचं?

विरळतेची रेघ काढा. समजा खालच्या समुद्रात क्षारता ३४ आणि नायट्रेट दर लिटर २८ मायक्रोमोल आहे. पाणी नुसतंच गोठलं असतं तर क्षारता ५ असलेल्या बर्फात २८ गुणिले ५ भागिले ३४, म्हणजे ४.१ मायक्रोमोल निघायला हवं. मोजणीत १ आलं तर शैवालाने खाल्लं. १० आलं तर आत कुजणं आणि जिवाणूंचं काम चालू आहे, किंवा तळाच्या थरात नव्या पाण्याची भर पडते आहे.

दोन खाचखळगे. पेशींच्या आत साठवलेलं नायट्रेट वितळताना बाहेर सांडतं आणि "विरघळलेलं" म्हणून मोजलं जातं. तळाच्या तपकिरी थरात हे नेहमी होतं. आणि फॉस्फेट शैवालाच्या चिकट आवरणात धरून ठेवलं जातं, त्यामुळे कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरसचं १०६:१६:१ हे समुद्री गुणोत्तर बर्फात चालेल अशी अपेक्षाच ठेवू नका.

आर्क्टिक आणि अंटार्क्टिक यांना एकच नियम लावता येतात का?

भौतिकशास्त्र एक, परिस्थिती उलट. आर्क्टिक हा जमिनीने वेढलेला समुद्र. जगातल्या महासागरांच्या पाण्यापैकी सुमारे एक टक्का तिथे आहे, पण नद्यांच्या पाण्यापैकी सुमारे एक दशांश त्यात येतं. ते गोडं पाणी वर तरंगतं, खालची पोषकद्रव्यं वर येऊ देत नाही, आणि उन्हाळ्यात नायट्रेट संपतं. बेरिंग आणि चुकची समुद्रांच्या उथळ तळावर जिवाणू आणखी नायट्रेट वायूत बदलून टाकतात.

दक्षिण महासागर मोकळा, वादळी. खोल पाणी तिथे वर येतं, नायट्रेट उन्हाळा संपला तरी शिल्लक राहतं, आणि तुटवडा असतो लोहाचा. तिथला बर्फ बहुतेक खवळलेल्या पाण्यात धरतो: आधी तेलकट दिसणारा रवाळ थर, मग एकमेकांवर आपटून कडा उचललेल्या आंबोळ्यांसारख्या चकत्या, मग त्या जुळून सलग बर्फ. त्यावर हिम इतका पडतो की त्याच्या वजनाने बर्फ पाण्याखाली दबतो, समुद्राचं पाणी हिमात शिरतं आणि शैवालाचा एक थर पृष्ठभागाशीही वाढतो. उत्तरेत उन्हाळ्यात बर्फावर वितळपाण्याची डबकी साचतात. दक्षिणेत ती क्वचित.

लोहाचा एवढा बाऊ का? आणि समुद्रात लोह टाकलं तर?

दक्षिण महासागराच्या पृष्ठभागाच्या पाण्यात विरघळलेलं लोह बहुधा लिटरमागे ०.२ नॅनोमोलपेक्षाही कमी असतं. समुद्री बर्फात ते त्याच्या दहापट ते शंभरपट साठलेलं सापडतं. बर्फ धरताना लोहाचे कण आणि त्याला बांधून ठेवणारे सेंद्रिय पदार्थ आत पकडले जातात. वसंतात बर्फ वितळला की हा साठा काही आठवड्यांत सुटतो, नेमका उजेड वाढत असताना. बर्फाच्या मागे हटणाऱ्या कडेने उपग्रहाच्या चित्रांत हिरवे पट्टे उमटतात, त्यात या लोहाचाही हात असतो.

लोह मुद्दाम टाकण्याचा मोठा प्रयोग आपल्या जवळचा आहे. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी पोलारश्टेर्न या जहाजावरून लोहाफेक्स केला. नावातलं "लोहा" आपलंच. दक्षिण अटलांटिकमधल्या एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर १० टन फेरस सल्फेट, म्हणजे आपलं हिराकस, विरघळवून सोडलं; नंतर पुन्हा तेवढंच. हिराकसात लोह फक्त पाचवा हिस्सा, म्हणजे दर खेपेला दोन टन लोह. त्या पट्ट्याचा ३९ दिवस पाठलाग झाला.

वनस्पतिप्लवक वाढलं, पण कार्बन खोल फारसा गेला नाही. तिथल्या पाण्यात सिलिकेट जवळजवळ संपलेलं होतं, त्यामुळे काचेचं कवच बांधणारे डायटम उभेच राहू शकले नाहीत. जे वाढलं ते लहान आणि मऊ, ते कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांनी चरून टाकलं. याउलट २००४ च्या आयफेक्स प्रयोगात डायटम फोफावले आणि त्या बहराचा निम्मा तरी हिस्सा १००० मीटरांच्या खाली बुडाला. लोह दोन्हीकडे दिलं. फरक सिलिकेटचा होता. लोह हे एकमेव कुलूप समजून किल्ली विकणाऱ्या योजनांना आमच्या मते एवढं उत्तर पुरे.

डायमिथाइल सल्फाइड, ब्रोमिन आणि मिथेन यांचं काय?

थोडक्यात सांगतो. अतिखारट मिठवण्यात आणि थंडीत टिकण्यासाठी शैवाल डीएमएसपी हा गंधकयुक्त पदार्थ पेशीत साठवतं; फिओसिस्टिस हे शैवाल त्यात आघाडीवर. तो फुटला की डायमिथाइल सल्फाइड होतं, हवेत जाऊन गंधकाचे सूक्ष्म कण बनवतं, आणि त्यांवर ढगाचे थेंब धरतात. बर्फ वितळण्याच्या काळात याचा एकदम झोत येतो. खारट हिम आणि बर्फाच्या पृष्ठभागावरून वसंतात ब्रोमिन सुटतं, ते जमिनीलगतचा ओझोन काही तासांत-दिवसांत फस्त करतं आणि हवेतला पारा बर्फावर उतरवतं. मिथेनचा मुख्य स्रोत आर्क्टिकच्या उथळ तळातला गाळ; बर्फ त्याला काही काळ अडवून ठेवतो आणि वाहत दुसरीकडे नेतो, तो वायू तयार करणारा मुख्य कारखाना नव्हे.

बर्फ धरण्याचा खोल समुद्राशी काय संबंध?

किनाऱ्याचे वारे बर्फ ढकलत नेतात तिथे पाणी उघडं पडतं. ही पोलिनिया. तिथे बर्फ पुन्हा पुन्हा धरतो आणि मिठवणी सतत खाली जातं, शेवटी पाणी इतकं जड होतं की उतारावरून तळापर्यंत घसरतं आणि प्राणवायू व विरघळलेला कार्बन सोबत नेतं. वेडेल समुद्र, रॉस समुद्र, अदेली किनारा आणि केप डार्नली ही त्याची प्रमुख ठिकाणं. केप डार्नली प्रिड्झ उपसागराच्या पश्चिमेला. त्याच उपसागराच्या काठी, लार्समन टेकड्यांवर, आपलं भारती केंद्र २०१२ पासून आहे.

कोर काढताना कोणता क्रम पाळायचा?

जागा जहाजाच्या किंवा जनरेटरच्या वाऱ्याकडच्या बाजूला, पावलं न पडलेली. आधी हिमाची जाडी मोजा आणि हिमाचं तापमान घ्या, मग हिम बाजूला करा. कोर काढण्याचं कोवॅक्स ड्रिल ९ किंवा १४ सेंटिमीटर व्यासाचं असतं. तळाशी पोचताना जोर कमी करा. शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरांचा मऊ थर धक्क्याने गळून पडतो आणि त्याबरोबर बहुतेक शैवालही जातं. कोरचा तळ सपाट, कडक आणि स्वच्छ दिसला तर आनंद मानू नका. तळ हरवला आहे.

पहिला कोर तापमानाचा. सावलीत आडवा ठेवा, दर ५ किंवा १० सेंटिमीटरला मध्यापर्यंत बारीक भोक पाडा, सुई घाला, आकडा स्थिर झाला की लिहा. सगळं पाच मिनिटांत. तळाचं तापमान −१.८ च्या आसपास यायला हवं. −४ आलं तर तुम्ही उशीर केला आणि हवेचं तापमान मोजत आहात. तो कोर क्षारतेलाही वापरा: लगेच स्टेनलेस करवतीने तुकडे करून झाकणबंद डब्यांत टाका. तुकडा हातात असताना मिठवणी टपकत असतं आणि प्रत्येक थेंबाबरोबर क्षारता घटते. उबदार बर्फात हे नुकसान मोठं असतं, आणि नंतर कोणत्याही हिशेबाने भरून निघत नाही.

भोकात पाणी किती वर चढलं ते मोजा, बर्फाची जाडी मोजा, वेळ आणि जागा लिहा. मगच पुढचा कोर, पहिल्यापासून हातभर अंतरात.

एका कोरमध्ये काम भागेल का?

नाही, आणि हा हिशेब घरीच करून निघा. ९ सेंटिमीटर व्यासाच्या कोरचा ५ सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे ३१८ घन सेंटिमीटर बर्फ, वितळून जेमतेम २९० मिलिलिटर पाणी. १४ सेंटिमीटरच्या ड्रिलने सुमारे ७०० मिलिलिटर. क्लोरोफिल, कणरूप कार्बन, पोषकद्रव्यं, अल्कलिनिटी, डीएमएसपी हे सगळं एवढ्यात बसत नाही. तापमान-क्षारता, जीवशास्त्र, पोषकद्रव्यं, कार्बन असे किमान चार कोर धरा. शैवाल बर्फाखाली ठिपक्याठिपक्यांनी वाढतं, त्यामुळे तळाच्या थराचे दोन-तीन कोर एकत्र करणं जास्त भरवशाचं.

कोर तसाच वितळवायचा की समुद्राचं पाणी घालून?

जे मोजायचं त्यावर अवलंबून. खारट मिठवण्यात राहणारी पेशी एकदम गोड्या पाण्यात आली तर फुगून फुटते. म्हणून पेशींची मोजणी, प्रकाशसंश्लेषण, जिवाणूंची क्रिया आणि डीएमएसपी यांसाठी ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेलं समुद्राचं पाणी घाला. साधारण एक भाग बर्फाला तीन भाग पाणी. पोषकद्रव्यं आणि क्षारता यांसाठी मात्र थेट वितळवा. घातलेल्या पाण्यातच नायट्रेट असतं, आणि दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढायचा म्हणजे चुकीला आवतण.

उदाहरण: १ लिटर वितळबर्फ, ३ लिटर पाणी, पाण्याची क्षारता ३४, मिश्रणाची २६.७५. मिश्रणातले क्षार १०७, पाण्यातले १०२, म्हणजे बर्फाची क्षारता ५. आता मिश्रण मोजताना फक्त ०.०५ ची चूक झाली तर बर्फाच्या आकड्यात ०.२ ची चूक उतरते. क्लोरोफिलचं सोपं: मिश्रणात १२ मायक्रोग्रॅम आलं तर बर्फात ४ पट, ४८. घातलेल्या पाण्याचं माप डब्यावर लिहिलं नसेल तर तो नमुना गेलाच.

दोन्ही पद्धतींत अंधार आणि ४ अंशांच्या आसपास तापमान. एक दिवस लागतो. घाई म्हणून डबा हीटरजवळ ठेवणारे दरवर्षी कुणीतरी भेटतात. त्यांच्या गाळणीवर पेशींऐवजी पेशींचा रस येतो. शेवटचा बर्फाचा खडा वितळला की लगेच गाळा.

कार्बनच्या आणि लोहाच्या नमुन्यांत काय बिघडतं?

कार्बनला हवा चालत नाही. तुकडा थेट वायुरोधक टेडलार पिशवीत घाला, हातपंपाने हवा काढा, मग वितळवा. काचेच्या बाटलीत बुडबुडे न येऊ देता तळापासून भरा आणि संपृक्त मर्क्युरिक क्लोराइडचे थोडे मायक्रोलिटर घालून जीवक्रिया थांबवा. ते जहाल विष आहे: हातमोजे घाला, वेगळा डबा ठेवा, आणि सगळा कचरा परत न्या. अंटार्क्टिक पर्यावरण प्रोटोकॉल १९९८ पासून लागू आहे आणि तिथे काहीही ओतून येता येत नाही. इकाइट बघायचं असेल तर वितळपाणी शून्याच्या जवळ ठेवून ताबडतोब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. खोलीत चहा पिऊन याल तोवर स्फटिक गेलेले असतील.

लोहाचं उलट. शत्रू हवा नसून तुमचंच ड्रिल. टायटॅनियम किंवा विद्युत-घासणी केलेलं स्टील, आम्लाने धुतलेले प्लास्टिकचे डबे, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून काम, आणि कोरचा बाहेरचा थर खरवडून टाकणं, यांतलं एक जरी सुटलं तरी समुद्राचं नव्हे, अवजाराचं लोह मोजलं जातं. प्रत्येक फेरीला शुद्ध पाण्याचा गोठवलेला कोरा नमुना त्याच हातांतून, त्याच करवतीतून न्या.

मिठवणी थेट काढता येतं का?

येतं. बर्फात अर्ध्यापर्यंतच भोक पाडा, तळ फुटू देऊ नका, झाकून ठेवा. आजूबाजूच्या नळ्यांतून मिठवणी झिरपून साचतं. पंपाने ओढून घ्या. अडचण एवढीच की ते कोणत्या खोलीतून आलं हे सांगता येत नाही, आणि थंड बर्फात तासभर थांबूनही चमचाभर मिळतं. आलेल्या पाण्याची क्षारता बर्फाच्या तापमानाशी पडताळा. −५ अंशांच्या बर्फातून ४० क्षारतेचं पाणी आलं तर खालून समुद्र शिरला आहे.

समुद्री बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी वाढते का?

जवळजवळ नाही. तो आधीच तरंगतो आहे. पातळी वाढते ती जमिनीवरच्या हिमनद्यांनी आणि पाणी तापून फुगल्याने.

बर्फ कमी झाला की उजेड वाढेल, शैवाल वाढेल, कार्बन जास्त शोषला जाईल, बरोबर ना?

पहिली पायरी बरोबर. २०११ च्या जुलैमध्ये चुकची समुद्रात साधारण मीटरभर जाडीच्या बर्फाखाली शंभराहून जास्त किलोमीटर पसरलेला बहर सापडला. पातळ बर्फावरच्या डबक्यांनी खिडकीचं काम केलं होतं. पण वितळपाणी वर तरंगून थर बांधतं, नायट्रेट खालीच अडकतं आणि बहर लवकर आटोपतो. शिवाय बहर आधीच येऊन गेला की त्यावर जगणारे कोपेपॉड उशिरा पोचतात. दक्षिणेत हिवाळ्यात क्रिल या कोळंबीसारख्या लहान प्राण्याची पिल्लं बर्फाच्या खालच्या बाजूला चरून जगतात. बर्फ उशिरा धरला तर ती उपाशी. दक्षिण महासागर माणसाने सोडलेल्या कार्बनपैकी समुद्रात जाणाऱ्या वाट्याचा सुमारे ४० टक्के हिस्सा घेतो, तेव्हा इथली प्रत्येक वजाबाकी मोठी ठरते.

भारतात हे काम कुठे चालतं?

मुख्य केंद्र गोव्यात वास्कोला: राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती, उत्तरेत स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुंडला २००८ पासून हिमाद्री. तिथल्याच कोंग्सफ्योर्डमध्ये २०१४ च्या जुलैत इंडआर्क ही पाण्याखालची निरीक्षण-दोरी सोडली, तिच्यावर वेगवेगळ्या खोलीवर संवेदक बसवलेले असतात. मोहिमेसाठी अर्ज करताना प्रस्तावात कोरांची संख्या, लागणारा शीतपेट्यांचा लिटरांतला आकडा आणि परत येताना नमुने कोणत्या तापमानाला हवेत हे लिहा. −२० अंश चालेल की −८० लागेल हे आधी ठरलं नाही, तर जहाजावर जी पेटी रिकामी असेल तीत तुमचा नमुना जातो.